मेनफ्रेमवर ‘आयडी आधीच वापरात आहे’: सेशन मॅनेजरमागे अडकलेलं सेशन नेमकं कुठे शोधायचं

तक्रार ठरलेली असते. वापरकर्ता जेवून परत येतो, एम्युलेटरमध्ये (लॅपटॉपवर मेनफ्रेमचं टर्मिनल दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये) स्क्रीन होती तशीच दिसते, पण एंटर दाबलं की तळाच्या ओळीत घड्याळाचं चिन्ह येतं आणि हलत नाही. तो विंडो बंद करतो, नवी उघडतो, सेशन मॅनेजरला (एकाच साइन ऑनमधून अनेक प्रणालींकडे नेणाऱ्या सॉफ्टवेअरला) पासवर्ड देतो. उत्तर येतं, हा आयडी दुसऱ्या टर्मिनलवर साइन ऑन आहे. कधी सेशन मॅनेजर आत घेतो, पण मेन्यूवरून टीएसओ (मेनफ्रेमवर थेट काम करायची आयबीएमची प्रणाली) निवडलं की आयकेजे५६४२५आय, म्हणजे ‘आयडी वापरात आहे’, हा मेसेज येऊन लॉगऑन नाकारलं जातं. हेल्पडेस्क ऑपरेटरला गाठतं, ऑपरेटर यूजर कॅन्सल करतो, काम सुरू होतं, तिकीट बंद. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

पुण्यात बसून अमेरिकेतल्या मशीन सांभाळणाऱ्यांना ही तिकिटं रात्री येतात. न्यूयॉर्कची दुपारची बारा म्हणजे आपले उन्हाळ्यात रात्रीचे साडेनऊ, हिवाळ्यात साडेदहा. त्यानंतर तासा-दीड तासाने रांग लागते. ही वेळ हाच पहिला पुरावा आहे. तक्रारी दिवसभर विखुरलेल्या असतील तर कारण वेगळं. जेवणानंतर, मीटिंगनंतर, म्हणजे टर्मिनल तासभर गप्प राहिल्यावर येत असतील तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

एका स्क्रीनमागे दोन सेशन्स

३२७० टर्मिनल १९७१ मध्ये आलं, आयबीएमची एसएनए ही नेटवर्कची रचना १९७४ मध्ये. त्या रचनेत नेटवर्कच्या प्रत्येक नाव असलेल्या टोकाला एलयू (लॉजिकल युनिट) म्हणतात; डिस्प्ले टर्मिनल म्हणजे एलयू टाइप २, आणि अशा एलयूचं एका वेळी एकाच अ‍ॅप्लिकेशनशी सेशन असू शकतं. टीएसओमधून सीआयसीएसमध्ये (व्यवहार हाताळणाऱ्या दुसऱ्या प्रणालीत) जायचं तर आधी लॉगऑफ करा, मग दुसरीकडे लॉगऑन. याला कंटाळूनच सेशन मॅनेजर जन्माला आले. टीपीएक्स, नेटव्ह्यू अ‍ॅक्सेस सर्व्हिसेस, आयबीएम सेशन मॅनेजर, मॅक्रो ४ चं ट्यूब्स, नावं वेगळी पण आतलं यंत्र एकच.

खऱ्या टर्मिनलला वाटतं आपण सेशन मॅनेजर या एका अ‍ॅप्लिकेशनशी बोलतोय. सेशन मॅनेजर व्हीटॅममध्ये, म्हणजे मेनफ्रेमवर ही सेशन्स जोडून देणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, स्वतःची खोटी टर्मिनलं उघडून ठेवतो, आणि त्यातलं एकेक टीएसओला, सीआयसीएसला, आयएमएसला जोडतो. म्हणजे पुढचं सेशन टर्मिनल ते सेशन मॅनेजर, आणि मागची सेशन्स आभासी टर्मिनल ते अ‍ॅप्लिकेशन. पुढचं तुटलं म्हणून मागचं आपोआप तुटत नाही. तीच तर या सॉफ्टवेअरची सोय आहे, आणि तीच या तक्रारीचं मूळ.

आज खरं टर्मिनल कोणाच्याच टेबलावर नसतं. एम्युलेटर टीसीपी कनेक्शनने टीएन३२७०ई सर्व्हरपर्यंत येतो आणि तो सर्व्हर त्याच्या वतीने व्हीटॅममध्ये एक एलयू उघडतो. त्यामुळे ‘मी लॉगऑन आहे’ ही एकच गोष्ट पाच जण आपापल्या वहीत लिहून ठेवतात: लॅपटॉप, वाटेतली फायरवॉल, टीएन सर्व्हर, सेशन मॅनेजर आणि अ‍ॅप्लिकेशन. फायरवॉल गप्प कनेक्शनची नोंद ठरावीक वेळाने पुसते आणि बऱ्याचदा कोणालाच कळवत नाही. पुष्कळ ठिकाणी ही मुदत एक तास असते. लॅपटॉपला वाटतं कनेक्शन आहे. टीएन सर्व्हरलाही तसंच वाटतं. मधला रस्ता मात्र गायब. वापरकर्ता नवी विंडो उघडतो तेव्हा त्याला नवं एलयू मिळतं आणि जुनं एलयू त्याच्याच आयडीसह सेशन मॅनेजरच्या यादीत तसंच बसून राहतं.

म्हणून टीएसओचा यूजर कॅन्सल करणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. टीएसओचं काहीही बिघडलेलं नसतं.

काहीही कॅन्सल करण्याआधी

जुन्या एलयूचं नाव मिळवा. सेशन मॅनेजरच्या ऑपरेटर किंवा अ‍ॅडमिन पॅनेलवर यूजर आयडीसमोर टर्मिनलचं नाव दिसतं. समजा ते टीसीपी०००४१ आहे. मग कन्सोलवर:

डी नेट,आयडी=टीसीपी०००४१,ई

उत्तरात स्थिती ‘अ‍ॅक्ट/एस’ दिसली तर त्या एलयूवर सेशन आहे. खाली सेशनच्या दुसऱ्या टोकाचं नाव येतं, ते सेशन मॅनेजरचंच असायला हवं. आणखी एक ओळ कामाची आहे, आयएसटी१६६९आय. तिच्यात क्लायंटचा आयपी पत्ता आणि पोर्ट असतो. वापरकर्त्याला फोनवर विचारा, तुमचा आत्ताचा पत्ता काय. पत्ता तोच पण पोर्ट वेगळा, तर तो ऑफिसातच आहे आणि कनेक्शन वाटेत मेलं. पत्ताच वेगळा, तर व्हीपीएन तुटून पुन्हा जोडलं गेलं. या दोन गोष्टींचा कायमचा इलाज थोडा वेगळा आहे, म्हणून हे लिहून ठेवा.

आता टीएन सर्व्हरला विचारा:

डी टीसीपीआयपी,टीएन३२७०,टी,कॉन,एलयूनेम=टीसीपी०००४१

मधलं ‘टीएन३२७०’ म्हणजे तुमच्याकडच्या टेलनेट प्रोसीजरचं नाव. कनेक्शन यादीत असेल तर मेलेलं टोक इथेच आहे, पुढे शोधायची गरज नाही. कनेक्शनचा क्रमांक घ्या आणि तेवढंच कनेक्शन सोडवा:

व्ही टीसीपीआयपी,,ड्रॉप,कॉन=क्रमांक

टीएन सर्व्हर एलयू बंद करतो, व्हीटॅम सेशन मॅनेजरची लॉसटर्म एक्झिट चालवतो, आणि सेशन मॅनेजरला पहिल्यांदाच कळतं की टर्मिनल गेलं. इथून पुढे तो मागची सेशन्स ठेवतो की तोडतो, हे तुमच्या सेटिंगवर आहे. ठेवत असेल तर वापरकर्ता परत साइन ऑन झाल्यावर त्याला त्याची अर्धवट एडिट केलेली फाइल जशीच्या तशी मिळते. ऑपरेटरने यूजर कॅन्सल केला असता तर एस२२२ अ‍ॅबेंड (कामाचा असामान्य शेवट) होऊन ती गेली असती, किंवा फार तर टीएसओवरच्या आयएसपीएफ एडिटरच्या रिकव्हरीतून परत आली असती, तीही एडिट प्रोफाइलमध्ये रिकव्हरी चालू असेल तरच.

टीएन यादीत कनेक्शन नसेल, व्हीटॅममध्ये एलयू मोकळं असेल, पण सेशन मॅनेजर अजूनही आयडी धरून बसला असेल, तर त्याच्या ऑपरेटर पॅनेलवरून त्या यूजरचं टर्मिनल सोडवा. बहुतेक उत्पादनांत ‘नव्या टर्मिनलवर हलवा’ आणि ‘सगळं तोडा’ अशा दोन वेगळ्या क्रिया असतात. घाईत दुसरी निवडली जाते.

व्हीटॅमचा दांडपट्टा शेवटी. ‘व्ही नेट,टर्म’ने एकच सेशन तोडता येतं, ते बरं. ‘व्ही नेट,इनअ‍ॅक्ट,आयडी=टीसीपी०००४१,एफ’ मारलंत तर सेशन जातं, पण ते नावही निष्क्रिय होतं, आणि कोणी ते पुन्हा सक्रिय करेपर्यंत टीएन सर्व्हरला ते एलयू उघडता येत नाही. रात्रीच्या शिफ्टने अशी नावं निष्क्रिय करून ठेवली की पुढच्या आठवड्यात ‘काही जणांना कधीकधी जोडलं जात नाही’ अशी नवी तक्रार सुरू होते, आणि तिचा छडा लावणं याहून कठीण.

टीएसओची घड्याळं

आयकेजे५६४२५आय आला म्हणजे टीएसओच्या लेखी तुमची अ‍ॅड्रेस स्पेस (तुमच्या सेशनची मेमरीतली जागा) जिवंत आहे आणि कोणाला तरी जोडलेली आहे. लॉगऑन पॅनेलवर खाली ‘रिकनेक्ट’समोर एस टाकून बघा. लाइन तुटल्याचं टीएसओला कळलेलं असेल तर तो परत जोडून घेतो. किती मिनिटं वाट बघायची ते टीएसओकी०० या सेटिंगच्या यादीतल्या रिकॉनलिमवर ठरतं.

पण इथे एक मेख आहे, आणि ती फारशी कोणी सांगत नाही. टीएसओ ज्या टर्मिनलला ओळखतो ते सेशन मॅनेजरचं आभासी टर्मिनल. सेशन मॅनेजरने ते उघडं ठेवलं तर टीएसओच्या दृष्टीने लाइन तुटलेलीच नाही, आणि रिकॉनलिमचं घड्याळ सुरूच होत नाही. तुम्ही रिकॉनलिम पाच करा नाहीतर पन्नास, फरक शून्य. अशा वेळी टीएसओला मारतं ते एसएमएफपीआरएम या सिस्टम सेटिंगमधलं वेट टाइम (गप्प सेशनला किती वेळ थांबू द्यायचं ती मुदत), आणि त्याची खूण म्हणजे एस५२२. लाइन तुटल्यावर रिकनेक्टची मुदत संपून गेलेलं सेशन एस६२२ दाखवतं. सिस्टम लॉगमध्ये या तीन आकड्यांपैकी कोणता जास्त येतो ते पाहिलं की कोणतं घड्याळ खरोखर चालतंय हे कळतं: एस२२२ म्हणजे माणसाने मारलं, एस५२२ म्हणजे थांबून थांबून गेलं, एस६२२ म्हणजे लाइन गेली.

एस५२२ची आणखी एक गंमत. माणूस दिवसभर सेशन मॅनेजरमधून सीआयसीएसवर काम करत असतो, टीएसओ मागे नुसतं उघडं असतं. अर्ध्या तासाने टीएसओ आपलं आपण मरतं. तो परत तिथे उडी मारतो तर लॉगऑनची स्क्रीन. तिकिटात लिहितो, सेशन मॅनेजरने सेशन तोडलं. सेशन मॅनेजरचा त्यात काडीचाही संबंध नसतो.

कायमचा इलाज: घड्याळांचा क्रम

टीएन सर्व्हर गप्प क्लायंटला अधूनमधून विचारू शकतो, आहेस का? हे विचारणं म्हणजे टेलनेटचं टायमिंग मार्क, आरएफसी ८६० या इंटरनेट-मानकातलं, १९८३ सालचं. झेड/ओएस या मेनफ्रेमच्या ऑपरेटिंग सिस्टमच्या टेलनेट पॅरामीटरमध्ये त्याचे दोन आकडे असतात. टाइममार्क म्हणजे किती सेकंद गप्प राहिल्यावर विचारायचं, आणि स्कॅनइंटरव्हल म्हणजे सर्व्हरने यादीवरून किती सेकंदांनी नजर फिरवायची. काही न लिहिल्यास टाइममार्क १०८०० आणि स्कॅनइंटरव्हल १८०० असतं, म्हणजे तीन तास आणि अर्धा तास.

आता फायरवॉलचा एक तास शेजारी ठेवा. तासाने रस्ता पुसला जातो, सर्व्हर पहिल्यांदा विचारतो तीन तासांनी. मधले दोन तास ते एलयू भुतासारखं उभं असतं, आणि जेवून परत आलेला माणूस नेमका त्याच दोन तासांत येतो. टीसीपीच्या कीपअलाइव्हवर, म्हणजे त्याच्या स्वतःच्या ‘आहेस का’ विचारण्यावर, भरवसा ठेवण्यातही अर्थ नाही. १९८९ च्या आरएफसी ११२२ ने त्याची डीफॉल्ट मुदत दोन तासांपेक्षा कमी नको असं सांगितलं, आणि झेड/ओएससकट बहुतेक यंत्रणा दोन तासांवरच असतात.

माझी शिफारस: टाइममार्क ६००, स्कॅनइंटरव्हल १२०. यातून दोन कामं होतात. माणूस फक्त जेवायला गेला असेल तर दर दहा मिनिटांनी जाणारं हे विचारणं फायरवॉललाही दिसतं, नोंद ताजी राहते आणि कनेक्शन मरतच नाही. लॅपटॉप झोपला असेल किंवा व्हीपीएन गेलं असेल तर उत्तर येत नाही, सर्व्हर पुढच्या फेऱ्यांत कनेक्शन काढतो, एलयू मोकळं होतं. मघाशी पोर्ट बदललाय की पत्ता ते लिहून ठेवायला सांगितलं ते याचसाठी. पोर्टवाल्या तक्रारी या बदलाने जवळजवळ संपतात. पत्तावाल्या कमी होतात, संपत नाहीत, कारण माणूस दहा मिनिटांच्या आतच परत जोडून घेतो.

त्यांच्यासाठी टेकओव्हर. क्लायंट ठरावीक एलयूचं नाव मागत असेल आणि ते आधीच कोणाकडे असेल, तर टीकेओस्पेकएलयू लावल्यास सर्व्हर जुन्या कनेक्शनला टायमिंग मार्क पाठवतो, सांगितलेले सेकंद थांबतो, उत्तर नाही आलं तर जुनं काढून एलयू नव्याला देतो. त्याचा भाऊ टीकेओस्पेकएलयूरिकॉन याहून पुढे जातो, व्हीटॅम सेशनच नव्या कनेक्शनच्या हाती देतो. वापरकर्ता खूश, सुरक्षावाल्यांच्या पोटात गोळा. कारण एलयूचं नाव माहीत असलेल्या दुसऱ्या कोणालाही ते साइन ऑन झालेलं सेशन मिळू शकतं. हे लावायचंच तर त्याच पत्त्यावरून आलेल्यालाच द्या अशी अट घाला. मात्र व्हीपीएनचा पत्ता दरवेळी बदलत असेल तर या अटीने मूळ हेतूच बारगळतो. मी स्वतः रिकॉनवालं रूप लावायचं टाळतो. मागची सेशन्स सांभाळायला सेशन मॅनेजर आहे, आणि तो निदान पासवर्ड तरी विचारतो.

कनेक्शन जिवंत ठेवलं म्हणजे उघडी स्क्रीन टेबलावर तशीच राहणार, हा आक्षेप ऑडिटवाले घेतील आणि तो बरोबर आहे. त्याचं उत्तर सेशन मॅनेजरच्या स्वतःच्या निष्क्रियतेच्या मुदतीत आहे. पंधरा मिनिटांनी स्क्रीनला कुलूप, पासवर्ड दिल्याशिवाय उघडायचं नाही. टर्मिनल हरवल्यावर मागची सेशन्स किती वेळ सांभाळायची, ती मुदत अर्धा तास पुरे. टीएसओचं वेट टाइम त्याहून जास्त ठेवा, नाहीतर सेशन मॅनेजर ज्याची राखण करतोय तेच आत मरून पडलेलं असेल.

सारखंच दिसणारं, पण वेगळं दुखणं

मेन्यू येतो, सीआयसीएस निवडलं की सेशन जोडलं जात नाही. इथे सेन्स कोड, म्हणजे नकाराचं कारण सांगणारा आकडा, बघा. ०८५७०००३ म्हणजे पलीकडचं अ‍ॅप्लिकेशन चालूच नाही. ०८७डी०००१ म्हणजे व्हीटॅमला ते नाव नेटवर्कमध्ये कुठेच सापडलं नाही. ०८२१ म्हणजे लॉगमोडचा, म्हणजे सेशनच्या ठरलेल्या पॅरामीटर्सचा, घोळ. यांतल्या कशातही अडकलेलं सेशन शोधत बसू नका. ०८०५ मात्र आपल्या विषयातला आहे: सेशनची मर्यादा भरली, म्हणजे त्या आभासी टर्मिनलवर जुनं सेशन अजून आहे. सीआयसीएसमध्ये सीईएमटी इन्क्वायर टर्मिनल करून नेटनेमच्या रकान्यात ते नाव शोधा, त्यावर अडकलेला टास्क आहे का पाहा, टास्क काढा, मग टर्मिनल रिलीज करा.

आभासी टर्मिनलांचा साठाच संपला असेल तर त्यांचा मेजर नोड (व्हीटॅममधला त्यांच्या व्याख्यांचा गट) डिस्प्ले करा. ‘कॉनक्ट’ म्हणजे व्याख्या आहे पण सेशन मॅनेजरने उघडलेलं नाही, ‘अ‍ॅक्टिव्ह’ म्हणजे उघडं आणि रिकामं, ‘अ‍ॅक्ट/एस’ म्हणजे वापरात. सगळी अ‍ॅक्ट/एस दिसली तर हिशोब करा. चारशे माणसं, प्रत्येकाची पाच सेशन्स, म्हणजे दोन हजार नावं लागतात, आणि भुतं वेगळी. साठा वाढवण्याआधी भुतं काढा.

घरी मोठ्या मॉनिटरवर मॉडेल ५ ठेवणारे लोक एक वेगळाच प्रश्न आणतात. मॉडेल ५ म्हणजे २७ ओळी, १३२ रकाने. ऑफिसातून त्याच सेशन्सवर मॉडेल २ ने, म्हणजे २४ बाय ८० ने आले, की तळाशी ‘प्रॉग’ आणि सातशेच्या घरातला एक आकडा. मागचं सेशन ज्या मापाने बांधलं गेलं त्याच मापाचा डेटा पाठवत राहतं, पुढच्या टर्मिनलला तो मावत नाही. ते एक सेशन संपवून नव्याने उघडायचं, नाहीतर दोन्हीकडे एकच मॉडेल ठेवायचं.

‘एक्स सिस्टम’ दिसल्यावर उडी मारायची पीएफ की चालत नाही अशीही तक्रार येते. कीबोर्ड बंद असताना पीएफ की लॅपटॉपच्या बाहेर जातच नाही, सेशन मॅनेजरला ती दिसणार कशी? आधी रिसेट, मग उडी. तरी नाही हललं तर अटेन्शन की, ती कीबोर्ड बंद असतानाही जाते. तेही नाही तर सिसरेक दाबून लॉगऑफ टाइप करायचं, म्हणजे पुढचं सेशन रीतसर संपतं आणि भूत मागे राहत नाही. विंडोच्या कोपऱ्यातल्या फुलीपेक्षा हे केव्हाही बरं.

सिस्प्लेक्समध्ये, म्हणजे एकत्र चालणाऱ्या अनेक सिस्टम्समध्ये, सेशन मॅनेजरच्या दोन प्रती एका जेनेरिक (सामायिक) नावाखाली चालत असतील तर वापरकर्ता परत येताना दुसऱ्या प्रतीवर पडू शकतो. ती त्याला हसतमुखाने आत घेते, कारण तिच्या यादीत तो नाहीच. मग टीएसओ नाकारतो. म्हणून जुनं एलयू शोधताना दोन्ही प्रतींची पॅनेलं बघा.

बदल केल्यावर तपासणी

नवे आकडे आधी चाचणी पोर्टवर लावा आणि तिथे चाचणीचा एक आयडी साइन ऑन करून टीएसओ उघडा. एम्युलेटर बंद करून तपासू नका. विंडो बंद केली की टीसीपी रीतसर निरोप घेतं, सर्व्हरला लगेच कळतं, आणि तुमची चाचणी नेहमीच पास होते. नेटवर्कची केबल काढा किंवा वायफाय बंद करा, एम्युलेटर तसाच राहू द्या. मग दर पाच मिनिटांनी ‘डी नेट,आयडी=’ आणि टीएन सर्व्हरचा कनेक्शन डिस्प्ले. कनेक्शन गेल्याची वेळ, सेशन मॅनेजरच्या लॉगमध्ये टर्मिनल हरवल्याची वेळ आणि टीएसओ संपल्याची वेळ, या तिन्ही याच क्रमाने यायला हव्यात. टीएसओची वेळ मधल्या वेळेच्या आधी आली तर वेट टाइम अजून कमी पडतोय.